खुंटा हलवून बळकट

गेल्या गणेशोत्सवातल्या महाप्रसादाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या एका शाळकरी मुलाने मला विचारले, "काका, तेलाची विहीर खोदतात तो पाइप एवढा लांब बनवतात तरी कुठे?" मी सांगितले, की तो एक पाइप नसतोच. साधारण तीस-तीस फुटांचे तुकडे असतात आणि ते आट्यांनी एकमेकांत पिळून जोडलेले असतात. "म्हणजे नुसते स्क्रू?" तो म्हणाला. "एवढंच?" आणि श्रीखंडाकडे वळला.

त्याचे ते "एवढंच?" माझ्या डोक्यातून जाईना. आपल्यापैकी कोणी तेल कंपनीत असेल, कोणी बँकेत, कोणी इस्पितळात, कोणी माझ्यासारखा संगणकासमोर. पण कुवेतमध्ये आपला सर्वांचा पगार शेवटी त्या विहिरींतून येतो, आणि त्या विहिरी उभ्या आहेत निमुळत्या आट्यांच्या सांध्यांवर. मी डॉक्टरेट केली ती धातूंच्या थकव्यावर. पुढे पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरकडे वळलो, तरी या सांध्याने पाठ सोडली नाही. त्याच्यापायी एकदा माझी चांगली फजितीही झाली. ती गोष्ट शेवटी सांगेन. आधी सांध्याची.

गावाकडचा सांधा

माझे आजोळ जत तालुक्यातले. पाऊस नावापुरता. उन्हाळ्यात गावात एक वाक्य हमखास ऐकू येई, "अमक्याची मोटर बोअरमध्ये पडली." ज्यांचे गाव दुष्काळी पट्ट्यातले आहे त्यांना या वाक्यातला धसका वेगळा सांगायला नको. मोटर ज्या लोखंडी पाइपांच्या माळेला टांगलेली असते, तिच्यातला एखादा आटा गंजतो, झिजतो, आणि एके दिवशी मोटर, केबल, खालचे सगळे पाइप, सारे दोन-तीनशे फूट खोल जाऊन बसते. पाइप मधोमध तुटला असे क्वचितच होई. तुटायचा तो सांधा, आणि सांध्यातही पाइपावरचा शेवटचा आटा, जिथे तो सॉकेटमध्ये शिरतो तिथला.

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधनविहिरींची संख्या झपाट्याने वाढली. जालन्याच्या मिशनने तयार केलेल्या आणि पुढे सोलापुरात सुधारलेल्या हातपंपाच्या रचनेतूनच नंतर देशभर गेलेला 'इंडिया मार्क टू' पंप घडला. त्याच्याही पोटात तीन-तीन मीटरच्या जस्त चढवलेल्या पाइपांची आट्यांनी जोडलेली माळच होती. पाणी क्षाराचे किंवा आम्लाचे असेल तिथे ही माळ आधी आट्यांतच खचते, कारण आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो आणि पाइपाची जाडीही तिथेच सर्वांत कमी उरते.

आजोबांकडे येणारा मिस्त्री आट्यांवर ताग गुंडाळी, वर सफेदा लावी आणि पान्याने पाइप आवळी. आवळून झाल्यावर तो पाइप थोडा हलवी आणि पुन्हा एक पाव फेरा देई. आजी ओट्यावरून म्हणे, "खुंटा हलवून बळकट कर बाबा." जात्याचा लाकडी खुंटा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, की तो खाली निमुळता असतो. ठोकला की पाचरीसारखा रुततो, सैल झाला की हलवून पुन्हा ठोकायचा. निमुळत्या आट्याचे सारे शास्त्र या एका म्हणीत आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले.

निमुळते कशासाठी?

साधा नट-बोल्ट घ्या. बोल्ट सगळीकडे सारखा जाड. नट त्याच्यावर टोकापासून शेवटपर्यंत फिरवत न्यावा लागतो. आता विहीर खोदायचा पाच इंची पाइप घ्या. त्याच्या एका टोकाला बाहेरून आटे असलेली पिन, दुसऱ्या टोकाला आतून आटे असलेला बॉक्स. या आकाराच्या पाइपाला जो सांधा सर्रास वापरतात त्याला इंचाला चार आटे असतात आणि पिन सुमारे साडेचार इंच लांब असते. हे आटे सरळ असते तर एक सांधा जुळवायला सोळा-सतरा फेरे द्यावे लागले असते. पण पिन निमुळती आहे. तिचा व्यास लांबीच्या दर फुटाला दोन इंचांनी कमी होतो. त्यामुळे ती बॉक्समध्ये उभी सोडली की बहुतेक लांबी आपसूक आत जाते आणि मगच आट्याला आटा भिडतो. मी कागदावर हिशेब केला, तर उरतात फक्त पाच-सहा फेरे.

दहा फेरे वाचले तर एवढे काय, असे कोणी म्हणेल. दहा हजार फूट खोल विहिरीत असे सव्वातीनशेच्या वर पाइप असतात. खालचा छेदक बोथट झाला की सारी माळ वर काढायची, तीन-तीन पाइपांची जोडणी मनोऱ्यात उभी करून ठेवायची, छेदक बदलायचा आणि सारी माळ परत खाली सोडायची. म्हणजे शंभरावर सांधे उघडायचे आणि तितकेच पुन्हा आवळायचे. तेही उन्हात, चिखलाने माखलेल्या फळीवर उभे राहून, डोक्यावर टनावारी लोखंड टांगलेले असताना. निमुळती पिन बॉक्समध्ये शिरताना स्वतःच मध्यावर येते, वेडीवाकडी बसत नाही, म्हणून आटे खरवडले जात नाहीत. काम लवकर होते आणि सांधा पुन्हापुन्हा उघडता येतो. निमुळतेपणाची ही पहिली कमाई.

पण वाचकांनी इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर आहे. घरातल्या नळाच्या सांध्यात आटेच पाचरीसारखे रुततात आणि पाणी अडवतात. खोदाईच्या पाइपाच्या सांध्यात मात्र आटे पाणी अडवत नाहीत. तिथे पिनच्या बुडाशी एक सपाट खांदा असतो आणि तो बॉक्सच्या तोंडावर घट्ट टेकतो. अडवणारा आहे तो खांदा. आट्यांचे काम एवढेच, की त्या खांद्याला अखंड दाबून धरायचे.

इंचाचा इतिहास

आट्यांत शिस्त आणली ती इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी. १८४१ मध्ये त्यांनी सर्व कारखान्यांसाठी आट्यांचे एकच माप सुचवले, कोन ५५ अंशांचा. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच याची खात्री नसे. पाइपांच्या निमुळत्या आट्यांचे अमेरिकेतले माप ठरले ते रॉबर्ट ब्रिग्ज यांच्या कामातून. त्यांचा या विषयावरचा निबंध त्यांच्या निधनानंतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोन ६० अंशांचा आणि उतार सोळाला एक, म्हणजे फुटाला पाऊण इंच. ब्रिटिश निमुळत्या पाइप-आट्यांचा उतारही नेमका सोळाला एकच आहे, आणि आपले भारतीय मानक त्याच ब्रिटिश मापाच्या वळणाचे.

या दोन मापांतली एक गंमत कुवेतमध्ये राहणाऱ्यांनी घरीच अनुभवली असेल. अर्धा इंची आणि पाऊण इंची पाइपांना ब्रिटिश मापातही इंचाला चौदा आटे आणि अमेरिकन मापातही चौदाच. त्यामुळे एका मापाचा नळ दुसऱ्या मापाच्या सॉकेटमध्ये दोन-चार फेरे छान जातो. आपण समजतो, जुळले. कोन मात्र ५५ आणि ६०. मग ठिबकत राहते. अर्धवट जुळणारे न जुळणाऱ्यापेक्षा घातक असते ते असे.

तेलाच्या धंद्यात हे परवडणारे नव्हते. १९०१ मध्ये टेक्सासात स्पिंडलटॉपची विहीर उसळली आणि पाइप फिरवून खोदण्याच्या पद्धतीचा बोलबाला झाला. १९०९ मध्ये हॉवर्ड ह्यूज यांनी दोन शंकूंच्या छेदकाचे पेटंट घेतले आणि कठीण खडकही याच पद्धतीने फोडता येऊ लागला. पाइप फिरू लागले तसे सांधेही फिरू लागले, आणि मोडू लागले. १९१९ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तिने १९२४ मध्ये जी पहिली मानके काढली ती पाइप आणि त्यांच्या आट्यांबद्दलचीच होती. कोणी तेलाच्या प्रतीबद्दल नाही, जमिनीच्या हक्काबद्दल नाही, आट्यांबद्दल पहिला करार केला, यात सारे आले.

त्या काळात खोदाईच्या पाइपाला सांध्याचे जाड तुकडेही आट्यांनीच बसवत. म्हणजे प्रत्येक जोडात तीन ठिकाणी आटे. त्यांतले पाइपाच्या टोकावरचे बारीक आटेच वारंवार तुटत. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास हे तुकडे पाइपाला वेल्ड करण्याची पद्धत रुळू लागली आणि ती दोन दुबळी ठिकाणे नाहीशी झाली. उरला तो मधला, उघडायचा आणि आवळायचा सांधा. तो आजही आट्यांचाच आहे.

बुर्गानची वाळू

आता आपल्या दारात येऊ. तेलापूर्वीचे कुवेत आपल्या पश्चिम किनाऱ्याला चांगले ओळखत होते. इथली जहाजे बसऱ्याचा खजूर घेऊन मुंबईला आणि मलबारला जात आणि परतताना जहाजबांधणीसाठी सागवान आणत. इथे चलन होते ते रुपयाचे, १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत.

२३ डिसेंबर १९३४ रोजी शेख अहमद अल-जाबर अल-सबाह यांनी कुवेत ऑइल कंपनीला तेलशोधाचा परवाना दिला. कंपनीत अर्धा वाटा इंग्रजांचा, अर्धा अमेरिकेच्या गल्फ कंपनीचा. १९३६ मध्ये उपसागराच्या उत्तरेला बहरा इथे पहिली विहीर घेतली. ती जवळजवळ आठ हजार फुटांपर्यंत नेली आणि कोरडी निघाली. मग दक्षिणेला बुर्गानकडे मोर्चा वळला, जिथे जमिनीवर डांबर पाझरताना लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये तिथे अवघ्या तीन हजार सहाशे-सातशे फुटांवर तेल लागले, आणि ते इतक्या जोराने आले, की जगातल्या सर्वांत मोठ्या क्षेत्रांपैकी एक हाती लागल्याचे पुढे स्पष्ट झाले.

पण युद्ध आले. १९४२ मध्ये तोवर खोदलेल्या नऊ विहिरी सिमेंटने बुजवून टाकल्या. युद्ध संपल्यावर काम पुन्हा सुरू झाले. ३० जून १९४६ रोजी शेख अहमद यांनी चाक फिरवून पहिले तेल जहाजावर सोडले. अहमदी शहर उभे राहिले. ऐन पन्नाशीच्या काळात तिथे आलेल्या कारकून-तंत्रज्ञांत भारतीय बरेच होते.

बुर्गानच्या उथळ विहिरींत खोदाईचे सांधे फार छळत नाहीत. खरी परीक्षा पुढे लागली. २००६ मध्ये उत्तर कुवेतमध्ये जुरासिक थरांतल्या वायूचा मोठा साठा जाहीर झाला. तो चार किलोमीटरहून खोल, दाब आणि उष्णता जबर, आणि वायूत हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तोच सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू. हा वायू माणसालाच नव्हे, कठीण पोलादालाही मारतो. पोलाद जितके अधिक कणखर तितके ते त्याच्या संगतीत ठिसूळ होऊन अचानक तडकते. म्हणून १९७५ मध्ये गंजतज्ज्ञांच्या संघटनेने मानक काढले, की अशा ठिकाणी साध्या पोलादाची कठीणता रॉकवेल सी मापावर २२ च्या वर नको. बळकटपणासाठी जास्त कठीण धातू घ्यावा, हा आपला सहज विचार इथे उलटा पडतो.

मोडते कुठे?

पाच इंची पाइपांची दहा हजार फुटांची माळ नव्वद टनांच्या आसपास भरते. सर्वांत वरच्या सांध्यावर ते सारे वजन. पण गंमत अशी, की वजनाने सांधा सहसा तुटत नाही. तुटतो तो वाकण्याने. विहीर कुठेही सरळ नसते. तिला जिथे बाक आहे तिथे फिरणारा पाइप प्रत्येक फेऱ्यात एकदा इकडून ताणला जातो, एकदा तिकडून. मिनिटाला शंभर फेरे धरले, तर एका दिवसात एक लाख चव्वेचाळीस हजार वेळा. तार हातात धरून इकडून तिकडे वाकवत राहिले की ती तुटते, तसेच. आगगाड्यांचे आस असे का तुटतात याचा शोध जर्मनीच्या ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घेतला आणि थकव्याचे शास्त्र सुरू झाले. १९६१ मध्ये आर्थर लुबिन्स्की यांनी विहिरीला किती बाक चालेल याचे गणित मांडले. खोदाईत ते आजही वापरतात.

आणि सांध्यात नेमके कुठे? आपण समजतो, की दहा आटे असतील तर प्रत्येकावर एक दशांश भार. तसे होत नाही. १९४८ मध्ये सॉपविथ यांनी दाखवले, की साध्या नट-बोल्टमध्ये भाराकडचा पहिला आटाच सुमारे एक तृतीयांश भार उचलतो आणि मागचे जवळजवळ पाहुणे असतात. एकत्र कुटुंबात थोरल्यावर पडतो तसा. खोदाईच्या पिनमध्ये हा थोरला म्हणजे खांद्याजवळचा आटा. त्याच्या मुळाशी बारीक तडा सुरू होतो. म्हणून जाड, ताठ पाइपांच्या पिनवर त्या जागी मुद्दाम एक गोलसर खाच घेतात आणि बॉक्सच्या तळाशीही न वापरले जाणारे आटे कापून टाकतात. धातू काढून टाकल्याने सांधा जास्त टिकतो. वाकण्याचा ताण एका टोकदार जागी न साचता पसरतो, म्हणून.

आता खुंट्याची म्हण. सांधा आवळताना पिन ताणली जाते आणि खांदा दाबला जातो. मानकाप्रमाणे हा ताण सांध्याच्या धातूच्या सहनशक्तीच्या सुमारे साठ टक्के ठेवतात. तेवढा दाब असेल तर पाइप कितीही वाकला-सरळ झाला तरी खांदा उघडत नाही, आणि बदलत्या भारातला फारच थोडा वाटा पिनच्या आट्यांपर्यंत पोचतो. कमी आवळले तर दर फेऱ्याला खांदा किंचित उघडतो, मिटतो. आटा थकतो आणि त्या फटीतून पंपाचा चिखल मोठ्या दाबाने सुटून धातू चाकूसारखा कापू लागतो. जास्त आवळले तर पिन ताणून लांब होते किंवा बॉक्सचे तोंड घंटेसारखे फुलते. शिवाय विहिरीत फिरताना घर्षणाने सांधा आणखी आवळला जाऊ शकतो, म्हणून पूर्ण शंभर टक्क्यांपर्यंत जायचेच नाही.

पण तो दाब दिसत नाही. दिसतो फक्त पान्यावरचा जोर, आणि त्या जोराचा बहुतेक भाग घर्षणात जातो. म्हणून आट्यांना लावायचे वंगण, ज्याला रिगवर सगळे 'डोप' म्हणतात, ते निव्वळ ग्रीस नसते. त्यात बारीक जस्ताची पूड वजनाने निम्म्याच्या आसपास असते. वंगण बदलले, पातळ झाले, किंवा तौझच्या दिवशी त्यात वाळू गेली, की काट्यावर आकडा तोच राहतो आणि खांद्यावरचा दाब निराळा होतो. नवा कोरा सांधा पहिल्यांदा थेट विहिरीत सोडत नाहीत. तो सावकाश आवळतात, उघडतात, पुसून पाहतात, पुन्हा वंगण लावून आवळतात, असे दोन-तीनदा. आजीची म्हण मला तेव्हा अक्षरशः समोर दिसली.

जमिनीखालचे आटे

आतापर्यंत सांगितले ते उघडायच्या सांध्याचे. विहिरीत दुसरेही आटे असतात, जे एकदा आवळले की पुन्हा कधी उघडायचे नसतात. विहिरीच्या भिंतीला आधार म्हणून जे केसिंगचे पाइप घालतात त्यांचे. यांतल्या जुन्या, साध्या प्रकारात इंचाला आठ गोलसर आटे आणि उतार तोच सोळाला एक. आटा आणि आटा यांच्यामध्ये इंचाच्या तीन हजारांश भागाची नागमोडी फट मुद्दाम राहते. ती वंगणातल्या धातूच्या पुडीने बुजते. म्हणजे लाखो दिनारांच्या विहिरीचा घट्टपणा शेवटी माझ्या आजोबांच्या मिस्त्रीच्या ताग-सफेद्याच्याच जातीचा! खोल आणि विषारी वायूच्या विहिरींत एवढ्यावर भागत नाही. तिथे धातूवर धातू घट्ट बसेल अशा खास रचनेचे सांधे वापरतात.

या आट्यांची कसोटी लागली ती १९९१ मध्ये. माघार घेताना इराकी सैन्याने विहिरींच्या तोंडांवर स्फोटके उडवली. सहाशेहून अधिक विहिरी पेटल्या. त्या दिवसांत दुपारी दिवे लावावे लागत, हे इथे तेव्हा असलेल्या मंडळींकडून आपण ऐकले आहे. अंदाज होते, की पाच वर्षे लागतील. अमेरिका, कॅनडा, हंगेरी आणि इतर देशांच्या पथकांबरोबर खुद्द कुवेतच्या तंत्रज्ञांचे पथकही उतरले. तेल किनाऱ्याकडे नेणाऱ्या नळांतून उलट दिशेने समुद्राचे पाणी आणले आणि ६ नोव्हेंबर १९९१ रोजी शेवटची विहीर बंद झाली. म्हणजे वर्षही लागले नाही.

याचे श्रेय त्या शूर माणसांना आहेच. पण एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. स्फोटाने उडाली ती जमिनीवरची झडपांची रचना. जमिनीखालचे, सिमेंटात बसलेले केसिंग पुष्कळ विहिरींत शाबूत होते. पथके वाळूमिश्रित पाण्याच्या झोताने वरचा वाकडातिकडा भाग कापत, खाली धड पाइप लागला की त्यावर नवी झडप चढवत. काही ठिकाणी निमुळत्या टोकाची नळी उसळत्या तोंडात खुपसून वरून जड चिखल भरत. तेही पाचरीचेच तत्त्व. खाली धरायला धड पाइप नसता तर प्रत्येक विहिरीसाठी शेजारून दुसरी विहीर खोदावी लागली असती. ज्या कामगारांनी वर्षानुवर्षांपूर्वी, कोणी पाहणार नाही अशा जागी, आटे पुसून, वंगण लावून ते पाइप आवळले होते, त्यांच्या कामाची परीक्षा त्या आगीत झाली आणि बहुतेक जण उत्तीर्ण झाले. त्यांची नावे कुठेच नाहीत.

माझी फजिती

मी इथे आलो तेव्हा एका कंत्राटी कंपनीसाठी पाइपांच्या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक पाइपाला क्रमांक, तो किती तास फिरला, किती बाकातून गेला, याची नोंद. पामग्रेन आणि मायनर यांच्या नियमाने थकव्याची बेरीज करायची आणि बेरीज ठरलेल्या मर्यादेला आली की पाइप बाजूला काढायचा. मोठ्या अभिमानाने केले होते. आटे झिजले की पाइप वर्कशॉपला जाई आणि नवे आटे पाडून परत येई. नवे आटे म्हणजे नवे आयुष्य, म्हणून तिथे मी बेरीज शून्यावर आणत होतो.

एका रात्री खोदताना पंपाचा दाब उतरू लागला. ड्रिलर जुना होता, त्याने लगेच ओळखले आणि माळ वर काढली. एका पिनच्या बुडाशी तडा गेलेला आणि तिथून चिखलाने बोटभर भगदाड पाडलेले. आणखी थोडा वेळ गेला असता तर खालचे सारे पाइप विहिरीत पडले असते, जतच्या मोटरसारखे. दीड दिवस गेला. माझ्या प्रोग्रॅममध्ये तो पाइप जवळजवळ नवा होता.

पाइप तपासणारे एक काका होते, रत्नागिरीकडचे. जन्मभर आटे पाहिलेले. चुंबकीय पूड आणि निळा दिवा घेऊन तडे शोधायला अंधार लागतो, म्हणून पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ताडपत्रीच्या तंबूत बसणारे. त्यांनी ती पिन फिरवून पाहिली आणि म्हणाले, "डॉक्टर, आटे नुसते वरवर साफ केलेत हो. तडा मुळात होता तो तसाच राहिला. तुमच्या यंत्राने ह्याला नवा जन्म दिलात, पण मागल्या जन्माचं कर्म गेलं नव्हतं."

तडा जायचा तर जुन्या आट्यांचा पुरेसा भाग कापून टाकून खाली नव्या धातूत आटे पाडायला हवेत. वर्कशॉपच्या कागदावर दोन्ही कामांना एकच शब्द होता आणि मी तो शब्द खरा मानला. धातूचा थकवा मी शिकलो होतो, पण कागदावरच्या शब्दामागचा हात कोणाचा आणि त्याने नेमके काय केले, हे विचारायला विसरलो होतो. त्यानंतर प्रोग्रॅममध्ये एक रकाना वाढवला, कापून काढलेली लांबी किती इंच. तो भरल्याशिवाय बेरीज शून्यावर येत नाही. आणि काकांची सही.

टिकणे म्हणजे काय?

थोडक्यात सांगायचे, तर सांध्याचा टिकाऊपणा हा धातूचा गुण नाही. जाड पोलाद, कठीण पोलाद, महाग पोलाद यांनी तो विकत मिळत नाही. तो असतो योग्य तेवढ्या आवळण्यात, स्वच्छ वंगणात, पुन्हापुन्हा उघडून पाहण्यात आणि खऱ्या नोंदीत. त्यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी हाताने करत असते, बहुधा रात्रपाळीत.

मुंबई हायवर फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने तेल शोधले, तेव्हापासून मराठी माणसेही या कामात आहेत. रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ सुकेळीला बिनजोड पाइपांचा कारखानाही आहे. आखातात आलेल्या आपल्या लोकांपैकी कित्येकांनी हे सांधे स्वतः आवळले, तपासले. पण इथला आपला मुक्काम व्हिसाच्या मुदतीचा. निवृत्ती आली, की माणूस सामान बांधतो, मंडळ निरोपाचा नारळ देते आणि त्याच्या बोटांत असलेले ज्ञान त्याच्याबरोबर विमानात बसते. मानके छापील मिळतात. 'हा आटा हाताला खरखरतो आहे, नको घालूस' हे कुठेच छापलेले नाही. ते रत्नागिरीचे काकाही परत गेले. त्यांच्याकडून मी आणखी किती विचारून ठेवायला हवे होते, हे आता जाणवते.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने एक विनंती. आपल्यात जे कोणी रिगवर, वर्कशॉपमध्ये, पाइपांच्या यार्डात काम करून आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतील, त्यांनी दोन पाने तरी लिहून संपादकांकडे द्यावीत. शुद्धलेखनाची काळजी करू नये. लिहिणे जमत नसेल तर बोलावे, लिहून घ्यायला मी येईन. आणि पंगतीतल्या त्या मुलाला, त्याच्या "एवढंच?"ला, माझे उत्तर असे, की हो रे बाळा, एवढंच. पण पुढच्या वेळी घरचा नळ दुरुस्त करायला माणूस येईल, तेव्हा त्याच्याजवळ उभा राहा आणि तो आटे हातात धरून आधी काय करतो ते बघ.